किल्ल्यावरचे अळीव

आमच्या बालवाडीचं अंगण लहान होतं, पण मातीचं होतं, आणि तिथून अजिंक्यतारा दिसायचा. १९९६ च्या दिवाळीआधी त्या अंगणाच्या कोपऱ्यात आम्ही किल्ला केला. दगडविटा रचल्या, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकलं, माती लिंपली आणि उतारावर अळीव पेरले. मुलं साडेतीन ते पाच वर्षांची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर चार वर्षांची एक मुलगी किल्ल्यापाशी उकिडवी बसली होती. पेरलेला एकेक दाणा नखानं उकरून काढायची, डोळ्यांजवळ नेऊन बघायची आणि परत मातीत खुपसायची. मी ओरडले. असं सारखं उकरलं तर उगवणार कसं? तिनं हात मागे घेतला, फ्रॉकला पुसला आणि ती वर्गात जाऊन बसली. तीन-चार दिवसांत किल्ला हिरवागार झाला. न्यायला आलेल्या पालकांनी कौतुक केलं. तिनं उकरलेला तेवढा भाग जरा विरळ राहिला होता, तिथे आम्ही एक मावळा उभा केला.

ओरडले याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. नोकरीला लागून पाच वर्षं झाली होती. 'निसर्गओळख' या तासाला मी भिंतीवरचा तक्ता दाखवून मूळ, खोड, पान, फूल, फळ असं मुलांकडून म्हणून घेत असे, आणि मुलं ते सुरात म्हणत. पंचवीस पावलांवर अंगणात खरं मूळ, खरं खोड होतं, आणि एक मुलगी स्वतःहून ते बघायला गेली होती. तिला मी तिथून उठवून तक्त्यासमोर आणून बसवलं होतं, हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. पुढे बालवाडीच्या ताईंना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाचन करणं भाग पडलं. त्या वाचनात मला त्या मुलीसारखीच उकराउकर करणारी मुलं भेटली. त्यांच्याबद्दल आणि त्यानंतर माझ्या वर्गात जे झालं त्याबद्दल हा लेख आहे.

प्रश्न जुना आहे. तीन ते सहा वर्षांचं मूल विज्ञान करू शकतं का? विज्ञानाची गाणी म्हणणं किंवा 'प्राणी व त्यांची पिल्ले' पाठ करणं मी यात धरत नाही. एखादी गोष्ट अशी का असावी याचा अंदाज बांधायचा, तो तपासायचा, चुकला तर बदलायचा, एवढंच मी विज्ञान म्हणते. जिनिव्हाचा मानसशास्त्रज्ञ झां पियाजे याचं मुलांच्या जगविषयक कल्पनांवरचं पुस्तक १९२६ साली आलं. लहान मुलांशी तासन्‌तास बोलून त्यानं नोंदवलं, की या वयात सूर्य, वारा, ढग सगळेच जिवंत असतात आणि चंद्र आपल्याबरोबर चालत येतो. हे आपल्यालाही नवं नाही. चांदोबा मागे मागे येतो, हे आपल्या घराघरांतल्या मुलांनी शोधून काढलेलं आहे. पियाजेनं या बोलण्यात चूक पाहिली नाही, त्यानं विचाराची एक निराळी रचना पाहिली, आणि हे त्याचं मोठेपण. मात्र त्याच्यानंतर झालं असं, की त्याच्या टप्प्यांचा आधार घेऊन अनेक शिक्षकांनी सोयीचा निष्कर्ष काढला: अजून वय नाही, तोवर गाणी म्हणा.

केंब्रिजमध्ये १९२४ साली 'मॉल्टिंग हाऊस' नावाची एक छोटीशी शाळा सुरू झाली. काढणारा जेफ्री पाईक नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ आणि चालवणारी सुझन आयझॅक्स. सुरुवातीची मुलं तीन ते पाचच्या आसपासची. बागेत खणायला मोकळीक, खरी हत्यारं, पाळलेले प्राणी, आणि मुलं काय बोलतात ते शब्दन्‌शब्द टिपून ठेवणारे मोठे लोक. या नोंदींवरून आयझॅक्सबाईंनी १९३० मध्ये लहान मुलांच्या बौद्धिक वाढीवर पुस्तक लिहिलं. त्यातली सशाची हकीगत मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

शाळेतला ससा रात्रीत मेला. एका मुलाच्या लक्षात आलं, की त्याचं पोट आता वरखाली होत नाही. दुसऱ्याच्या वडिलांनी सांगितलं होतं, की पाण्यात ठेवला तर तो परत जिवंत होईल. आपण असतो तर काय केलं असतं? 'छे, असं कुठं होतं का' म्हटलं असतं, नाहीतर मुलांना दुसरीकडे नेऊन मावशींना ससा उचलायला सांगितला असता. बाई म्हणाल्या, बघू या करून. ससा पाण्यात ठेवला, तो गोल फिरू लागला. काही मुलं म्हणाली, हलतोय म्हणजे जिवंत आहे. तेव्हा पाण्यात एक काठी टाकली गेली. तीही गोल फिरली. काठी काही जिवंत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. मग मुलांनीच खड्डा करून ससा पुरला. दुसऱ्या दिवशी बोलणं निघालं, की तो आता तिथे नाही, आकाशात गेला. पुन्हा तेच: बघायचं का? खणलं. ससा तिथेच होता, आणि मुलांना त्याचं फार नवल वाटलं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, आणि त्यात थोडी किळसही होती, हे लपवत नाही. आपल्याकडे मेलेला प्राणी मुलांना हाताळू देणं कुणाला रुचणार नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीनं मीही तसं करू देणार नाही. पण काठीचा प्रसंग बघा. हलणं म्हणजे जगणं, हा मुलांचा सिद्धान्त होता, अगदी पियाजेनं वर्णन केलेला. तो मोडायला मोठ्यांचं भाषण लागलं नाही, एक काठी पुरली.

१९२७ मध्ये पियाजे स्वतः ही शाळा बघायला गेला होता. लहान मुलांना यंत्रामागचं कारण उलगडत नाही, हे सांगताना तो सायकलचं उदाहरण देत असे. त्या वेळी एक पावणेसहा वर्षांचा मुलगा बागेत तीनचाकीवर बसून पायडल उलटी मारत होता. आयझॅक्सबाईंनी त्याला विचारलं. पाय पायडल दाबतो इथपासून चाक फिरतं इथपर्यंत, साखळीसकट त्यानं सगळं सांगितलं. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की मूल ज्या गोष्टीवर बसलेलं आहे, जिला त्याचे हात लागलेले आहेत, तिच्याबद्दल विचारा. वारा कुठून येतो, सूर्य कुणी केला, असं विचाराल तर ते गोष्ट रचून सांगेल. तुम्ही-आम्हीही तेच करतो.

युरोपात ही परंपरा आणखी मागे जाते. फ्रोबेल आधी जंगलखात्याच्या कामात उमेदवारी केलेला, नंतर खनिजांच्या संग्रहात रमलेला माणूस. १८३७ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी संस्था काढली आणि थोड्याच वर्षांत तिला 'मुलांची बाग' असं नाव दिलं. ते केवळ अलंकारिक नव्हतं, मुलांना खरोखरच मातीचे वाफे असत. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं आणि शिक्षणात निसर्गाचं स्थान काय, यावर स्वतंत्र विवेचन केलं. पण आपल्यापर्यंत आली ती त्यांची लाकडी साधनं. सुबक, घोटीव आणि महाग.

इथे आपल्या ताराबाई मोडकांचं काम वेगळं ठरतं. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचा पाया घातला, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. इथपर्यंतची गोष्ट शहरी मध्यमवर्गाची आहे. १९४५ मध्ये मात्र ताराबाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डीला गेल्या आणि तरुण अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज आपण सरकारी म्हणून उच्चारतो, त्याचं मूळ या अंगणात आहे. नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली मुलांना गुरं राखायला जावं लागे, म्हणून शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. अनुताईंच्या 'कोसबाडच्या टेकडीवरून' या आत्मकथनातून हा सगळा काळ समजतो.

साधनांचं काय करायचं, हा प्रश्न तिथे रोखठोक होता. परदेशी लाकडी संच परवडणारा नव्हता आणि त्याची गरजही उरली नाही. गारगोट्या, शिंपले, बिया, पानं, काटक्या यांनी वर्गीकरण, क्रम, मोजणी सगळं होत होतं. काटकसरीचा उपाय म्हणून याचं कौतुक बरंच झालं आहे. मला त्यातली दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. लाकडी दट्ट्यात एकच गुण वेगळा ठेवलेला असतो, जाडी किंवा उंची, बाकी सगळं सारखं. चिंचोका तसा नसतो. तो गुळगुळीत असतो, तपकिरी असतो, घासला की चटका देतो, पाण्यात बुडतो, आणि पेरला तर उगवतो. मुलानं त्याला मोजायला हातात घेतलं तरी तो मोजणीपुरता राहत नाही. आणि रानातल्या मुलासमोर शहरातून आलेल्या शिक्षकाला झाडाचं नाव त्या मुलालाच विचारावं लागतं. वर्गात कोण कुणाला शिकवतं, हा हिशेब तिथे आपोआप बदलतो.

वाचन झालं म्हणून वर्ग बदलत नाही. मी सुरुवात केली पाण्याच्या टबापासून, कारण त्याला खर्च नव्हता. मोठा प्लास्टिकचा टब, पाणी, आणि मुलांनी आणलेल्या वस्तू. टाकण्याआधी सांगायचं, बुडेल की तरंगेल. पहिल्या आठवड्यात बहुतेकांचा नियम एकच होता: मोठं बुडतं, लहान तरंगतं. हा नियम वाईट नाही. दगड बुडतो, पिसं तरंगतं. मग एका मुलानं वाळूचा कण टाकला, तो खाली गेला. मुलं गोंधळली, पण नियम सोडला नाही. 'तो लबाड आहे' असं एकानं कारण दिलं. मोठ्या शास्त्रज्ञांनीही नको असलेल्या निरीक्षणाला याहून फार वेगळी कारणं दिलेली नाहीत.

त्या शनिवारी मी बाजारातून मोठा लाल भोपळा आणला. दोन मुलांनी मिळून तो टबात सोडला. पाणी चहूबाजूंनी बाहेर आलं, सगळ्यांचे पाय भिजले, आणि भोपळा डुलत वर राहिला. शांतता पसरली. आमच्या आधीच्या पिढ्या पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या, हे मला तेव्हा आठवलं. सांगायचा मोह झाला. गप्प बसले. सोमवारी एका मुलीनं संत्रं आणलं. ते तरंगलं. तिनं ते सोलून खाण्याऐवजी परत टाकलं, तर बुडालं. लहान झालं आणि बुडालं! सालीच्या आतल्या पांढऱ्या, स्पंजासारख्या भागात हवा असते, हे आपल्याला ठाऊक असतं. ती मुलगी म्हणाली, "त्यानं टायर काढून टाकला." नदीवर पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या काखेतली रबरी ट्यूब तिनं पाहिलेली होती. घनता हा शब्द तिला माहीत नव्हता, तो कळायला पुढे सात-आठ वर्षं होती. पण तरंगण्याचा संबंध आकाराशी नाही, आत काय भरलं आहे त्याच्याशी आहे, इथपर्यंत ती पोचली होती.

गप्प बसण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आम्हा शिक्षकांना तेच सर्वांत अवघड जातं. एलिझाबेथ बॉनविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी एक अनोळखी खेळणं बनवलं, त्यात चार करामती दडवल्या. एक नळी ओढली की पीं वाजे, दुसरीकडे दिवा लागे, तिसरीकडे सूर, चौथीकडे आरसा. बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना मोठ्या माणसानं मुद्दाम शिकवल्यासारखं दाखवलं, बघ हं, हे असं वाजतं. इतर काहींसमोर तेच चुकून वाजल्यासारखं झालं, काहींना काहीच दाखवलं नाही. नंतर खेळणं मुलांच्या हाती दिलं. ज्यांना 'शिकवलं' होतं ती मुलं कमी वेळ खेळली आणि त्यांना बाकीच्या करामती कमी सापडल्या. मुलं मूर्ख होती म्हणून नाही. त्यांचा तर्क बिनचूक होता: जाणकार माणसानं एकच गोष्ट दाखवली, म्हणजे आणखी काही नसणार, असतं तर सांगितलं असतं.

यावरून काही उत्साही मंडळी 'शिकवूच नका' असा अर्थ काढतात. तो मला पटत नाही. करवंटीला करवंटी म्हणतात हे सांगावंच लागतं. भिंग कसं धरायचं, उन्हात त्यातून सूर्याकडे का बघायचं नाही, कण्हेर तोंडात का घालायची नाही, हे शोधायला सोडून चालत नाही. पण जे मुलाच्या हाताच्या टप्प्यात आहे ते आपण आधी सांगितलं, तर त्या टबात बघण्यासारखं काही उरत नाही. माझ्या अनुभवात प्रश्नांचा फरकही मोठा पडतो. 'हे का बुडालं?' असं विचारलं की मूल माझ्या चेहऱ्याकडे बघतं, मला कोणतं उत्तर हवंय ते शोधतं. 'आता हे टाकलं तर काय होईल?' असं विचारलं की ते पाण्याकडे बघतं.

आता जे लिहायचं आहे ते मला पंधराएक वर्षं खुपत आलं आहे.

बालवाडीच्या मागे लिंबाचं झाड होतं. पावसाळ्यात त्यावर अळ्या येतात. अगदी लहान असताना त्या पाखराच्या शिटेसारख्या दिसतात, काळपट आणि मध्ये पांढऱ्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, पानात लपून जातील अशा. डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलं या अळीवर लट्टू होती. आम्ही दोन अळ्या काचेच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला फडकं बांधलं, रोज ताजी पानं घातली. मुलांनी विष्ठेच्या गोळ्यासुद्धा मोजल्या. पुढे अळीनं काडीला स्वतःला धाग्यानं पट्टा बांधल्यासारखं बांधून घेतलं आणि तिचा कोश झाला. फडकं सैल झालं म्हणून एका संध्याकाळी मावशींनी दुसरी, जरा लहान बरणी आणली. काड्या त्यात मीच हलवल्या.

कोशातून निघालेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. त्याला उलटं लटकून अंगातला द्रव पंखांत सोडायला आणि ते वाळवायला मोकळी जागा लागते. हे मी वाचलेलं होतं. बरणी लहान आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. सकाळी आलो तेव्हा फुलपाखरू बाहेर आलेलं होतं आणि त्याचे पंख काचेला टेकून तसेच दुमडलेले सुकले होते. आम्ही त्याला झाडावर ठेवलं. ते चाललं, उडालं नाही. मुलं वाट बघत राहिली. डबे खाऊन झाल्यावर एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तू छोट्या बरणीत घातलं म्हणून?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझ्या जागी कुणी हळवी ताई असती, तर ते आजारी होतं असं सांगून वेळ मारून नेली असती, आणि मलाही तसं करावंसं वाटलं होतं. दुपारी बैठक मारून मुलांनी दुसऱ्या काडीचं काय करायचं ते ठरवलं. ती बरणीतून काढून खिडकीच्या गजाला बांधायची. पाचव्या दिवशी सकाळी दुसरं फुलपाखरू आमच्या डोळ्यांसमोर पंख उघडून गेलं. पण गंमत म्हणा की विचित्रपणा, त्या वर्षीच्या मुलांच्या चित्रांत उडालेलं फार कमी वेळा आलं. चुरगळलेलंच जास्त आलं.

पुढच्या वर्षी आम्ही अळ्या झाडावरच ठेवून बघायचं ठरवलं, फांदीला रंगीत दोरा बांधून. त्यातल्या एका कोशातून फुलपाखरू आलंच नाही. कोश काळपट झाला, त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं आणि त्यातून चिलटांएवढे कितीतरी कीटक निघाले. ही परोपजीवी गांधीलमाशीच्या कुळातली बारीक जात, ती मऊ कोशात अंडी घालते आणि तिच्या अळ्या कोश आतून खातात. मुलांच्या पुस्तकात अंडं, अळी, कोश, फुलपाखरू असं गोल चक्र असतं, बाणांसह. या कीटकांना त्यात जागा नाही. एका मुलीनं विचारलं, "मग ही फुलपाखराची बाळं आहेत?" तिचा तर्क चुकीचा नव्हता, ज्यातून निघाली त्याचीच बाळं. दुसरा म्हणाला, "चोर आहेत." दोन्ही मतं आम्ही फळ्यावर चित्र काढून ठेवली आणि पुढचे कोश बघत राहिलो.

प्राणी जवळून सांभाळण्यानं मुलांचा विचार खरोखर बदलतो का, की हे शिक्षकांचं समाधान? जपानच्या कायोको इनागाकी यांनी याचा अभ्यास १९९० मध्ये मांडला. ज्या बालवाडीच्या मुलांनी घरी सोनमासे पाळले होते आणि ज्यांनी नव्हते, अशी तुलना त्यांनी केली. माशांबद्दल पाळणाऱ्यांना जास्त माहिती असणार, यात नवल नाही. नवल पुढे आहे. त्यांनी कधी न पाळलेल्या बेडकाबद्दल विचारलं: बेडकाचं पिल्लू कायम छोटंच ठेवता येईल का? मासे पाळणारी मुलं माशावरून बेडकाकडे गेली. नाही येणार, आमचा मासाही मोठा झाला, तसाच तोही होईल. रोज खायला घालण्याच्या कामातून 'जिवंत असणं' या कल्पनेला त्यांच्या मनात काही आधार मिळाला होता.

आपल्याकडे तर घरातच प्रयोग चाललेला असतो. घटस्थापनेला परडीत माती घालून धान्य पेरतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले ते अंकुर नऊ दिवसांत उंच, नाजूक आणि पिवळे होतात. दसऱ्याला त्यांचे तुरे टोपीत, केसांत खोवतात. एका वर्षी आम्ही घट बसला त्याच दिवशी वर्गातही गहू पेरले, एक मडकं खिडकीत, एक कपाटात. खिडकीतले बुटके आणि हिरवे झाले, कपाटातले उंच आणि पिवळे. मुलांना हे पटेना. सावलीतलं जास्त कसं वाढलं? अंधारातला कोंब उजेड शोधत लांबत जातो, जवळची सगळी शिदोरी उंचीवर खर्च करतो, आणि उजेडाशिवाय त्यात हिरवेपणा तयार होत नाही. एका मुलाची आजी मला भेटायला आली. चेहरा गंभीर होता. म्हणाली, "बाई, देवाजवळचं सोन्यासारखं पिवळं येतं, आणि नातू म्हणतो त्याला ऊन मिळालं नाही म्हणून." मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बराच वेळ थांबून ती म्हणाली, "मिळत नाही खरं. आमचं देवघर जिन्याखाली आहे." मग ती हसली. तिनं घट हलवला नाही, आणि मीही तसं सुचवलं नव्हतं. नातवानं मात्र पुढच्या वर्षी खिडकीत स्वतःचा वेगळा डबा पेरला, असं तिनंच सांगितलं.

अळिवाचंही तसंच. किल्ल्यावर अळीवच का, मेथी किंवा मोहरी का नाही, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलाच नव्हता. मुलांनी वाटीत अळीव भिजवले तेव्हा कळलं. भिजताच दाण्याभोवती चिकट आवरण तयार होतं, लाडू करणाऱ्या बायकांना ते माहीत असतंच. त्या चिकटपणामुळे दाणा किल्ल्याच्या कड्यावर धरून राहतो. मोहरी आम्ही मुद्दाम पेरून बघितली, पाणी शिंपडल्यावर निम्मी तटाखाली घरंगळली. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले करणाऱ्या पोरांनी हा शोध लावून ठेवलेला आहे.

आज कागदावर सगळं आमच्या बाजूनं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, खेळातून आणि हातांनी शिकण्यावर त्यात भर आहे. पाठोपाठ 'जादुई पिटारा' ही साधनांची पेटी आली. पुण्यात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून तीनचार पिढ्यांच्या शिक्षकांना दाखवून दिलं, की प्रयोगाला पैसा लागत नाही. पण १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली अंगणवाडीताई वजनं घेते, आहार शिजवून घेते, नोंदी भरते, लसीकरणाला मुलं गोळा करते. तिला टबातल्या भोपळ्यासाठी अर्धा तास कुठून आणायचा? आणि खासगी बालवाडीत वेळ आहे, तर तिथे दुसरी अडचण आहे. पालक वही बघतात. वहीत भोपळा दिसत नाही.

आमच्या संस्थेनं सात वर्षांपूर्वी अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवले. चिखल होतो, मुलांचे गणवेश मळतात, अशी तक्रार होती आणि ती खरी होती. लिंब त्यात गेला. त्या बैठकीत मी बोलले, पण नीट बोलले नाही. शिस्तबद्ध मुद्दे मांडायला हवे होते, मी फुलपाखराची गोष्ट सांगत बसले. आता आम्ही दिवाळीला खतांच्या रिकाम्या गोण्यांतून माती आणतो, ठोकळ्यांवर प्लास्टिक अंथरतो आणि किल्ला करतो. बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, तो घ्यावा अशी सूचना दरवर्षी येते.

मागच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी एक आई समोर बसली. नाव ऐकलं आणि चेहरा जुळला. १९९६ मधली तीच. मुलाला घेऊन आली होती. तिचा पहिला प्रश्न, अक्षरं कधी सुरू करणार? शेजारच्या शाळेत जूनपासूनच घेतात म्हणे. मी तिला टब, बिया, किल्ला सगळं सांगितलं, ती नम्रपणे ऐकत होती, पण उत्तर मिळालं नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग मी न राहवून अळिवाची गोष्ट काढली, मी ओरडले होते तेही सांगितलं. तिला काहीच आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती आमच्या मावशींची टबात पडलेली चप्पल. तिनं टाकलेली की कुणी, ते नक्की नाही, पण ती तरंगली होती आणि मावशी रागावल्या होत्या.

त्या टबाचं म्हणाल तर तो आम्ही १९९९ मध्ये आणला. ती तेव्हा बालवाडी सोडून पहिलीत गेलेली होती, पण धाकट्या भावाला न्यायला रोज यायची. मी तिला दुरुस्त केलं नाही. अर्ज भरताना तिचा मुलगा खिडकीतल्या मडक्यापाशी गेला होता आणि त्यानं मेथीचं एक रोप मुळासकट उपटलं होतं. ती त्याला हाक मारायला वळली. मी म्हटलं, "थांब, त्याला बघू दे. आणि अक्षरं जानेवारीपासून."